आपला गडवा

जगातला सगळा माल आपलाच आहे, असं मानणारे लोक मी बरेच पाहिले. त्यातले काही पुढारी झाले, काही ठेकेदार. पण सगळा माल आपला आहे म्हणजे तो तुमचाही आहे, शेजाऱ्याचाही आहे आणि रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाचाही आहे, असं मानून दिवसभर तसंच वागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्याबद्दल लिहा, असं आमची ही मला कित्येक वर्षं सांगत होती आणि मी टाळत होतो. कधी चष्म्याचा नंबर वाढल्याचं कारण, कधी हात थरथरतो म्हणून. आता चष्मा नवा आहे, हात पूर्वीइतकाच थरथरतो, आणि ज्यांना ही कारणं सांगायची त्या बाई राहिल्या नाहीत. तेव्हा लिहितो.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. चहूकडे लाल मुरूम, खणलेल्या धानाच्या बांध्या, आणि मधोमध हळूहळू वर चढणारं लोखंड. मी नागपूरकडून आलेला ट्रेसर. साहेब लोकांनी काढलेल्या आराखड्यांवर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवून घेणं, हे माझं काम. तो तुमसरकडचा रिगर, म्हणजे दोर आणि कप्प्या लावून जड तुळया वर चढवणाऱ्या टोळीतला. पत्र्याच्या तात्पुरत्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. त्याला नाव होतं, पण ते फक्त हजेरीबाबूला ठाऊक. बाकी सगळी चाळ त्याला ‘आपलेभाऊ’ म्हणायची, कारण त्याच्या तोंडात तोच एक शब्द असायचा.

‘आपला’ हा मराठीतला तसा गरीब, कष्टाळू शब्द. पत्राच्या शेवटी तो नम्र होऊन उभा राहतो. कुणी ‘कावून आले होते?’ असं विचारलं तर ‘आपलं सहज’ म्हणून आपली सुटका करतो. नवख्या पाहुण्याला ‘आपण कोण?’ असं विचारून मान देतो. पण एकाच अडकित्त्याने सुपारी फोडावी, दोरा तोडावा आणि वेळेला नखंही कापावीत, तसं आपलेभाऊ हा शब्द राबवत. ‘मी’ आणि ‘माझं’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. भूक लागली तर म्हणायचे, ‘आपल्याले भूक लागली,’ आणि मग तुम्हाला लागली असो वा नसो, ताटावर बसावं लागे. झोप आली की म्हणत, ‘चला, आता आपन झोपू,’ आणि कंदिलाची वात खाली करून टाकत. कंदील माझा असे आणि मी वाचत असे.

एकदा चाळीतल्या बंगाली बाबूंची नवी सायकल सकाळीच नाहीशी झाली. संध्याकाळी ती परत आली, साखळीला तेल घातलेलं, न वाजणारी घंटी वाजती झालेली, आणि मागे जवळच्या रुआबांधा गावाहून आणलेल्या वांग्यांचं पोतं. आपलेभाऊ दारोदार वांगी वाटत सुटले, ‘घ्या वो वहिनी, आपली वांगी.’ बंगाली बाबू चष्मा सावरत धावून आले. ‘ये हमारा साइकिल है!’ ते ओरडले. ‘हव बाबू,’ आपलेभाऊ आनंदाने म्हणाले, ‘अपनीच तो है.’ भांडायला समोरचा माणूस थोडा तरी विरुद्ध असावा लागतो. हे तर सगळंच कबूल करत होते. बंगाली बाबू चार वांगी घेऊन आत गेले.

मला हिवताप भरला तेव्हा त्यांनी सुपरवायझरला जाऊन सांगितलं, ‘अपने को बुखार है,’ आणि कामावरून घरी आले. घरी येऊन माझ्या उशाशी बसले, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. मला काढा पिववेना तेव्हा, एकट्याने कडू कसं प्यावं म्हणून निम्मा स्वतः प्यायले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, ‘आपल्या तोंडाची तं चवच गेली गा!’ मी बरा झालो. तो सुपरवायझर मात्र बरेच दिवस आपलेभाऊंना ‘अब कैसी तबीयत?’ विचारत राहिला.

हा पंजाबी सुपरवायझर बिचारा त्यांच्यापुढे पार हरला होता. एकदा वर चढवताना एक तुळई झोकांडली आणि नवी बांधलेली भिंत घेऊन खाली आली. कुणाला लागलं नाही, पण भिंत गेली. सुपरवायझर लालबुंद होऊन आला. ‘किसने किया?’

आपलेभाऊ पुढे झाले. ‘अपने से हुआ, साहब.’

‘अपने से मतलब किस से?’

‘मतलब इनसे, उनसे, हमसे, तुमसे. सबसे.’

‘मैं तो घर पे सो रहा था!’

‘तो क्या हुआ साहब,’ आपलेभाऊ समजूत घालत म्हणाले, ‘आदमी तो अपनेच हो.’

आता याच्यावर काय कारवाई करायची? साहेब डोक्याला हात लावून निघून गेले. एक रशियन इंजिनिअर मात्र आपलेभाऊंवर खूश होता. उंच, उन्हाने भाजून लाल झालेला. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो येत नव्हती, पण आपलेभाऊंनी त्याला ओंजळभर बोरं दिली होती आणि एक शब्द दिला होता. बाहेरून कुणी पाहुणे कारखाना बघायला आले की तो चिमणीवर थाप मारून छाती फुगवून सांगे, ‘आप्ला!’ पाहुण्यांना तो रशियन शब्द वाटे.

रुआबांध्याची दहीवाली तिच्या छत्तीसगढीत म्हणायची, ‘ए भइया तो सब्बो जिनिस ला अपन कहिथे!’ पण तीच दही मोजताना त्यांच्या भांड्यात एक पळी जास्त घालायची.

आता भांड्यांचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट भांड्यांची आहे. आई वारल्यावर आपलेभाऊ गावचं घर आवरून आले ते पितळेच्या भांड्यांचं एक पोतं घेऊन. प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, ‘भागीरथीबाई’. चाळीत तेव्हा सगळेच एकेक ट्रंक घेऊन आलेले, कुणाकडे भात शिजवायला गंज नाही, कुणाकडे पाणी भरायला गुंड नाही. आठवड्याभरात ते पोतं रिकामं झालं. गंज बंगाल्याकडे गेला, परात मद्रासी अण्णांकडे, ताटं कुठे कुठे पांगली. माझं लग्न होऊन ही भिलाईला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी दारात आपलेभाऊ उभे. हातात घासून लख्ख केलेला पाणी प्यायचा गडवा. ‘वहिनी, हा आपला गडवा. नव्या घरात पानी पयले पितळंतून प्या लागते.’ असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी त्याच गडव्यातून प्यायलं जाऊ लागलं.

बरं, हे कुणाच्या शेजारी राहत होते? माझ्या. मी छत्रीच्या दांड्यावर नाव लिहिणारा माणूस. माझ्या कंगव्यावर नाव होतं. सासऱ्यांनी दिलेल्या भांड्यांवर त्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं याचं मला मनातून बरंच वाटलं होतं, कारण हरवलं तर निदान ओळखता येईल. ती भांडीही हळूहळू भिंत ओलांडून पलीकडे जायला लागली, कारण आपलेभाऊंनी स्वतःची वाटून टाकल्यावर ते जेवणार कशात? हिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. आणि थंडी पडली तेव्हा हिने माझ्यासाठी विणलेला पहिला स्वेटर एका सकाळी त्यांच्या अंगावर दिसला. मी बघतच राहिलो. तेव्हा तेच मला म्हणाले, ‘कावून कुडकुडून राहिला बाबू? बाहेर निघ, उन्हात बस. आपला स्वेटर मस्त गरम हाये.’

अशा माणसाचं लग्न जमवायचं हिने मनावर घेतलं. हिच्या नात्यातली आमगावची एक मुलगी होती. दुर्गला एका लग्नात तिने आपलेभाऊंना पंक्तीत वाढताना पाहिलं होतं, आणि हिच्या कानात हळूच विचारलं होतं, ‘तो बुंदी वाढून राहिला तो कोन वो?’ हिला तेवढं पुरे होतं. आपलेभाऊ तेव्हा तिशी ओलांडलेले, आई गेलेली, मागेपुढे कुणी नाही. ही त्यांना मुलीबद्दल सांगत होती तेव्हा हा धिप्पाड माणूस खाली बसून मुरमात काडीने रेघा ओढत होता. मग म्हणाला, ‘वहिनी, आपल्याले कोन पोरगी देते?’ आणि दुसऱ्या दिवशी खोलीला चुना काढायला घेतला. चाळभर सांगत फिरले, ‘आपलं लग्न जमून राहिलं!’ बंगाली बाबूंच्या बायकोने पडदा दिला. आपल्याच घरात कार्य असल्यासारखी सगळी चाळ लगबगीला लागली.

मुलीचे मामा दुर्गला रेल्वेत गार्ड होते. आपल्याकडे रीत अशी, की मुलाला बघून झालं की शेजाऱ्याकडे चौकशी करायची. मुलगा सांगतो ते ऐकायचं, शेजारी सांगतो ते धरायचं. एका रविवारी मामा आले. बारीक डोळ्यांचे, शांत गृहस्थ. गाडी सोडण्याआधी शेवटच्या डब्यापर्यंत नजर टाकावी तसे त्यांनी खोलीकडे बघितलं. आपलेभाऊ तर उत्साहाने फुलून गेलेले. ‘हा आपला पलंग, मामाजी. हे आपली सायकल. तो समोर आपला कारखाना.’ हिने पोहे करून पाठवले होते. मामांनी पोहे संपवले, ताटली उलटी केली, मागचं नाव वाचलं. वाटी उलटी केली, तिच्यावर दुसरं नाव. पेला उचलला, त्यावर तिसरंच. उठले आणि माझ्या ओट्यावर येऊन बसले. ही आत चहा टाकत होती.

‘बाबू, तुमी शेजारी. पोरगा कसा हाये?’

‘चांगला आहे,’ मी म्हणालो. इथे मी थांबायला हवं होतं.

‘त्या ताटलीवर नाव कोनाचं?’

‘माझ्या सासऱ्यांचं.’

‘आन पलंग?’

‘अण्णांचा.’

‘सायकल?’

‘बंगाली बाबूंची.’

‘आंगातला सेटर?’

‘तो माझा,’ मी म्हणालो, आणि मामा खुदकन हसले. त्या गंभीर माणसाला आपण हसवलं हे माझ्या डोक्यात चढलं. माणूस हसला की मला राहवत नाही. हा माझा जुना रोग आहे. मामा डोळे पुसत म्हणाले, ‘मंग बाप्पा, पोराचं सोताचं हाये तरी काय?’

मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. ‘धोतर त्यांचंच असावं,’ मी म्हणालो, ‘पण आज धुण्याचा वार आहे, तेव्हा खात्रीने सांगता येत नाही.’

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी गडवा पुढे केला. ते वरूनच पाणी प्यायले, मग सवयीने त्यांनी गडवा फिरवून नाव वाचलं, ‘भागीरथीबाई. या कोन?’

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. या त्याच मुलाच्या आई. आणि चाळीतल्या कुठल्याही घरात जाऊन भांडं उलटं करा, मामाजी, यांचंच नाव निघेल. पण गंमत रंगात आली होती, आणि हे वाक्य घातलं असतं तर ती पडली असती. मी म्हणालो, ‘हा गडवा? हा आपला.’

आपलेभाऊंसारखा तो शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला. मामांनी मान हलवली, चहा घेतला, आपलेभाऊंच्या पाठीवर हात ठेवून निरोप घेतला आणि गेले. आठ-पंधरा दिवसांत आमगावकडून निरोप आला की मुलीला सध्या लग्नच करायचं नाही. त्याच वैशाखात तिचं लग्न नागपूरच्या एका कारकुनाशी झालं.

नकार आला त्या संध्याकाळी आपलेभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आपलं लग्न मोडलं गा, बाबू.’ माझा चेहरा पडलेला बघून त्यांनाच वाईट वाटलं. ‘तू कावून तोंड पाडून बसला? दुसरी भेटन आपल्याले.’ आणि माझी समजूत काढत बसले! रात्री ही मला म्हणाली, ‘म्या आतून ऐकलं सगळं. तुमी खोटं नाई बोलले. पन अर्धंच सांगतलं. त्याच्या घरी आपलं काय हाये, ते सांगतलं. आपल्या घरी त्याचं काय हाये, ते कावून नाई सांगतलं?’ मी म्हणालो, पुढच्या रविवारी दुर्गला जाऊन मामांना सांगून येतो. रविवार आला. मग दुसरा आला. वैशाखात त्या मुलीच्या लग्नाला आपलेभाऊ स्वतः गेले. मी अडवलं तर म्हणाले, ‘आपल्या पोरीचं लग्न हाये. वाढाले तं जा लागन ना?’ बुंदी त्यांनीच वाढली म्हणे.

दुसरी भेटली नाही. उभारणीचं काम संपत आलं तशा रिगरांच्या टोळ्या पुढच्या कारखान्याकडे निघाल्या. त्यांचं तसंच असतं, तुळया चढल्या की पुढचं गाव. आपलेभाऊ निघाले तेव्हा हिने घराघरांतून त्यांची भांडी गोळा करायला घेतली. त्यांनी हात जोडले. ‘राहू द्या वो वहिनी. आपल्याच घरी तं हायेत.’

आणि मग जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. माझं ते धोतराचं वाक्य फार चालायला लागलं. मीच सांगायचो, आणि चांगलं सांगायचो. पक्की क्वार्टर्स झाली, चाळ पांगली, पण ते वाक्य लोकांबरोबर सेक्टरासेक्टरांत गेलं. पुढे पुढे माणूस गळून पडला आणि शब्द तेवढा उरला. आमच्या वसाहतीत दुसऱ्याच्या जिवावर चैन करणाऱ्याला ‘आपलेभाऊ’ म्हणायला लागले. माझ्या नातवाने परवा भावाला दटावलं, ‘ए, ज़्यादा आपलेभाऊ मत बन, अपना खुद का ला!’ ज्याने आईचं पोतंभर पितळ वाटून टाकलं, त्याचं नाव फुकट्याला मिळालं. तो अर्थ चुकीचा आहे, आणि तो मी घडवला, म्हणून हे सगळं लिहिणं.

एकदा गेलो होतो मी त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर, हिच्या सांगण्यावरून. ते तुमसरजवळच्या गावी एका लांबच्या पुतण्यापाशी राहत होते. हिने गडवा चिंचेने घासून, फडक्यात बांधून दिला होता. गाडीत बसून मी वाक्य घोकत होतो, ‘भाऊ, तुमचं लग्न माझ्यामुळे मोडलं.’ ते ओसरीत बसले होते, वाळलेले, पण आवाज तोच. ‘आला का गा आपला बाबू!’ मी गडवा पुढे ठेवला. त्यांनी तो फिरवला आणि ठिपक्यांवरून बोट नेलं. डोळ्यांनी दिसत नसावं, पण बोटांना नाव आठवत होतं.

‘आपला गडवा! कावून आनला?’

‘तुमचा आहे म्हणून. आणि एक सांगायचं होतं, भाऊ. माझ्या हातून...’

‘आपल्या हातून का होते गा आता?’ ते हसले. ‘वाटीतला वरन-भात सांडते.’

‘तसं नाही. माझी एक चूक झाली होती...’

‘झाली असन आपली. येवढ्या वर्सात काही ना काही होतेच. पयले जेव.’

मी आणखी एकदा प्रयत्न केला. जेवताना. ‘माझी’ म्हणालो की ते ‘आपली’ म्हणत आणि पानात भात वाढत. संध्याकाळी निघालो तेव्हा त्यांनी तोच गडवा विहिरीच्या पाण्याने भरला, वर वाटी उपडी ठेवली आणि माझ्या हातात दिला. ‘रस्त्यानं तहान लागन आपल्याले.’ गाडीभर ते पाणी माझ्या मांडीवर सांडत आलं. दार उघडताच हिने गडवा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तो नेऊन त्याच्या जागेवर ठेवला.

तो अजून तिथेच आहे. नाव बाहेरून येणाऱ्याला दिसेल असा मी फिरवून ठेवतो, आणि कुणी विचारलं की भागीरथीबाई कोण आणि त्यांचा मुलगा कोण हे पूर्ण सांगतो. पुन्हा तुमसरला जाणं झालं नाही. मग पुतण्याकडून ते गेल्याचं कळलं, आणि जायचं कारणच उरलं नाही. तेव्हा गाडीत घोकलेलं वाक्य मात्र तसंच राहिलं आहे. भाऊ, लग्न तुमचं होतं, आपलं नव्हतं. मोडलं ते मी. बाकी सगळं आपलं असू द्या, पण एवढी चूक तरी माझी एकट्याची म्हणा.